समुद्राची भिंत खडबडीत हवी

मुंबईच्या कोस्टल रोडसाठी 2020 मध्ये 18 कोरल (प्रवाळ) वसाहती उचलून दुसरीकडे नेऊन लावल्या, तेव्हा त्याच्या भरपूर बातम्या झाल्या. वन्यजीव कायद्यात कोरल पहिल्या परिशिष्टात येतं, म्हणून परवानगी काढावी लागली. पण त्याच खडपांवरचे, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवरचे, शंख, कालवं, स्पंज, समुद्रफुलं, खेकड्यांची पिल्लं? त्यांना हलवायला कोणी आलं नाही. तब्बल 111 हेक्टर भराव पडला.

रस्ता झालाय, तो आता उखडायचा नाही. माझा मुद्दा पुढच्या कामांचा आहे. वर्सोव्याहून भाईंदरकडे दुसरा टप्पा जाणार आहे, आणि किनारपट्टीवर जागोजागी धूपप्रतिबंधक बंधारे होतच असतात. या सगळ्यांत भिंत म्हणजे लाटा अडवणारी वस्तू, एवढाच विचार होतो.

मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरांचा फरक पडतो. खडपावर ओहोटीला पाणी साचून राहतं, कपारीत सावली आणि ओल असते, म्हणून तिथले जीव पुढच्या भरतीपर्यंत तग धरतात. सरळ उभ्या, गुळगुळीत काँक्रीटवर ना डबकं, ना कपार, आणि उन्हात ते तापतं किती! उतरत्या किनाऱ्यावर जो पट्टा कित्येक मीटर पसरलेला असतो, तो उभ्या भिंतीवर हातभर रुंद उरतो.

यावर उपाय आहेत, आणि ते प्रत्यक्ष वापरात आहेत. सिडनी बंदराचा निम्म्याहून अधिक किनारा भिंतींनी बांधलेला आहे. तिथे 2018 पासून जुन्या भिंतींवर खाचा, कपारी आणि छोटी डबकी असलेली काँक्रीटची पॅनेल बसवताहेत. अमेरिकेतल्या सिएटल शहराने तर 2017 मध्ये पूर्ण केलेल्या नव्या भिंतीतच खडबडीत पृष्ठभाग आणि कट्टे धरले. सॅमनची पिल्लं धक्क्याखालच्या अंधाराला बिचकतात, म्हणून वरच्या पदपथात काचेचे ठोकळे बसवले, खाली उजेड पोहोचावा म्हणून. माशाच्या पिल्लासाठी फुटपाथ बदलला! मला याचं फार अप्रूप वाटतं.

सिएटलचं आपल्याला जसंच्या तसं चालणार नाही. आपला पावसाळा, आपला गाळ, नाल्यांतून समुद्रात जाणारं सांडपाणी, सगळंच वेगळं. आणि अशी पॅनेल लावली म्हणून चांगली खडपं किंवा तिवरं बुजवायची मोकळीक मिळते, असं कोणी म्हणू नये. जिथे बांधावंच लागतं, तिथपुरतीच ही गोष्ट.

आराखडे बदलत नाहीत, हे मात्र मला पटत नाही. वरळीच्या कोळी बांधवांनी लावून धरलं, म्हणून क्लीव्हलँड बंदराजवळ कोस्टल रोडच्या पुलाचा एक खांब कमी झाला आणि बोटींसाठी 120 मीटरचं अंतर मिळालं. त्यांची मागणी याहून जास्त होती, तरी एवढं तरी झालं. तसंच इथेही करता येईल. समुद्रालगतच्या प्रत्येक कामाच्या निविदेत भिंतीचा पृष्ठभाग कसा असेल, ओहोटीला पाणी कुठे साचेल, याची अट असावी. आधी वर्षभर किनाऱ्याची पाहणी व्हावी, तीत सागरी जीवशास्त्रज्ञांबरोबर ओहोटीला कालवं काढणाऱ्या बायकाही असाव्यात. कुठल्या खडपावर काय मिळतं ते त्यांना तोंडपाठ असतं. जनसुनावणी लागली की मी हे लेखी देणार आहे, तुम्हीही द्या.