पाणी येतं का?

सगळीकडे घर बघायला गेलेला माणूस विचारतो, "पाणी येतं का?" आणि "येतं की, भरपूर!" ऐकलं की खूश होतो. सांगलीतही हाच प्रश्न विचारायचा, फक्त असं उत्तर आलं तर चपला घालून जिना उतरायचा.

गावभागातलं आमचं घर आम्ही गेल्या दिवाळीत विकलं. 2005 ला त्यात पाणी आलं तेव्हा सगळे म्हणाले, असं शंभर वर्षांत एकदाच होतं. आम्ही भिंती खरवडल्या, रंग दिला. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. मग 2021 च्या जुलैत परत. आमच्याकडे शंभर वर्षं फार लवकर संपतात.

विकून सुटलो, असं वाटलं. तर सीए म्हणाले, "नफ्यावरचा कर वाचवायचाय ना? मग विक्रीपासून दोन वर्षांच्या आत दुसरं घर घ्या. कलम 54." म्हणजे कृष्णामाईनं हाताला धरून बाहेर काढलं आणि आयकर खातं पाठीत हात घालून परत आत ढकलतंय.

बरं, घ्यावं तर पैशाची ही तऱ्हा. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत. त्याच्या कारखान्यात सध्या पगार दोन हप्त्यांत होतो, आणि दुसरा हप्ता अधूनमधून पुढच्या महिन्यातल्या पहिल्याला गाठतो. बँकेला मात्र आपला हप्ता ठरल्या तारखेला, एकरकमी लागतो. मी मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर हिशेब बघते. हळद चढली की मालक बोनसबद्दल बोलतात, उतरली की देवाबद्दल. सध्या पेढीवर वातावरण बरंच धार्मिक आहे.

बँकेतला मुलगा गोड होता. नवऱ्याचं वय अठ्ठेचाळीस ऐकून त्यानं जरा सहानुभूतीनं बघितलं. साठाव्या वर्षी निवृत्ती, म्हणजे कर्ज बाराच वर्षांचं. तीस लाखांना साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं घेतली असती तर महिना 26 हजार बसले असते. बारा वर्षांत फेडायचे तर 33 हजारांच्या वर. माझा चेहरा बघून तो म्हणाला, "पण मॅडम, व्याजाचे चौदा लाख वाचतात तुमचे!" जे चौदा लाख आमच्याकडे कधी नव्हतेच, ते वाचल्याबद्दल त्यानं आम्हाला कॉफी पाजली.

व्याजदराचं आणि आमचं तर कधी जमलंच नाही. 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्क्यांवर आला तेव्हा नवरा घरात बसून भांडी घासत होता. 2023 मध्ये तो साडेसहावर गेला तेव्हा ओव्हरटाइम मिळत होता. 2025 मध्ये दर उतरायला लागला, आणि त्याच्याबरोबर नवऱ्याचा कारखानाही.

या सगळ्यात एक संध्याकाळ मात्र लक्षात राहण्यासारखी. जेवण झाल्यावर नवरा हळूच म्हणाला, "घर तुझ्या एकटीच्या नावावर घेऊ या." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं काही मी ऐकलं नव्हतं. मी पदराला हात पुसत खाली बसले. मग त्यानं मोबाइल पुढं केला. महाराष्ट्रात बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. चाळीस लाखांवर चाळीस हजार. पुरुषाचं नाव सोबत लागलं की सवलत गेली. म्हणून हा त्याग. तरी मी हिशेब करून बघितला: घर माझं, हप्ता बराचसा त्याचा. व्यवहार म्हणून स्थळ चांगलंय.

पुण्याचे धाकटे भाऊजी फोनवर म्हणाले, "वहिनी, घर कसलं घेता? भाड्यानं राहा आणि उरलेले महिन्याच्या महिन्याला म्युच्युअल फंडात, एसआयपीत टाका." उरलेले कुठे ठेवलेत तेवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही. सासूबाईंचा आक्षेप वेगळाच. भाड्याच्या घरात खिळा ठोकता येत नाही, त्यामुळे मामंजींचा फोटो अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर फ्रिजला टेकून उभा आहे. "ह्यांना एक भिंत तरी बघा," असं त्या रोज म्हणतात.

भिंतींचं काय, भिंती भरपूर आहेत. विश्रामबाग उंचावर, म्हणून दरही उंचावर. नदीकडे उतरत गेलं की दरही उतरत जातो. सांगलीचा नकाशा नुसत्या भावावरून काढता येईल. आमच्या पैशात बसणारा फ्लॅट साहजिकच मधल्या उतारावर निघाला. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला हातात, म्हणजे जीएसटीही नाही. हवेशीर. स्वयंपाकघराला ओटा असा की मी मनातल्या मनात त्यावर कुकर चढवला.

एजंट म्हणाला, "वहिनी, एकोणीसला हितं टिपूस नव्हता बघा."

पार्किंगच्या खांबांना ताजा रंग होता. पण कमरेएवढाच. वरचा रंग जुना, खालचा नवा.

"हे असं का?"

"गाड्या घासतात ओ."

चारी बाजूंनी कशा काय घासतात, हे विचारायला मी वॉचमनमामांकडे गेले. त्यांनी एजंटाकडे बघितलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "ताई, मी एकवीसच्या दिवाळीनंतर लागलोय." असा सावध साक्षीदार कोर्टातसुद्धा मिळायचा नाही.

नवरा एव्हाना बाल्कनीत उभा राहून कुठला खिळा कुठे बसेल हे ठरवत होता. टोकन किती द्यायचं हेही त्यानं विचारून टाकलं. एजंट म्हणाला, आत्ताच करा, दसऱ्याला रेट वाढणार.

मी म्हटलं, "करू की. आमची मुदत पुढच्या दिवाळीपर्यंत आहे. कोयना धरणातून विसर्ग सुरू झाला, आयर्विनला पाणी चाळीस फुटांच्या वर गेलं, की आम्ही परत येतो. हाच फ्लॅट, हेच पार्किंग. तुम्ही फक्त ऑगस्टमध्ये एकदा दाखवा."

एजंटानं किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला. "ऑगस्टमध्ये मी गावाला असतो, वहिनी."