चैत्रात पाखरं का जातात : वडूजकडच्या एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सवडीनं लिहायला बसले. मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवरून परत निघालेल्या पाखरांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत :

‘ताई, पाखरं हिवाळ्यात येतात त्याला स्थलांतर म्हणतात, असं शाळेत शिकलो. चैत्रात कसलं स्थलांतर? पाणी आटलं, पाखरं गेली, एवढंच. भोरडीला तुम्ही गुलाबी पाहुणी म्हणता. तिनं आमच्या शाळूचं काय केलं ते मचाणावर बसून बघा एकदा. आणि भोवत्यांचं माळरान कुठं आहे ते लिहिलंच नाही. ते काय फक्त शहरातल्या कॅमेरेवाल्यांना सांगायचं?’

भोरडीपासून, म्हणजे शाळूवर थव्यानं उतरणाऱ्या गुलाबी मैनेपासून सुरुवात करते, कारण तिथं तुमचं म्हणणं खरं आहे. ‘गुलाबी पाहुणी’ हे शब्द मी लेखातून काढून टाकले आहेत. माझं माहेर आटपाडीकडचं. शाळू चिकात आला की आजी दिवस उगवायच्या आत रानात पोचायची, कारण भोरडी उजाडता उजाडता उतरते. मी गोफणीसाठी खडे वेचून द्यायचे. दुपारपर्यंत आजीचा आवाज बसलेला असायचा आणि बोटांवर दोरीचे वळ उठलेले असायचे. एवढं करूनही बांधाकडची कणसं अर्धी रिकामी निघायची. हे सगळं पाहिलेल्या बाईनं असं लिहायला नको होतं.

त्या वेळी एक गोष्ट वेगळी होती. अख्खं शिवार शाळूचं असायचं, त्यामुळे पाखरं सगळ्यांत वाटली जायची. आता टेंभू आणि उरमोडी या सिंचन योजनांचं पाणी फिरलं तिथं ऊस आला, बागा आल्या. पाणी यावं म्हणून किती वर्षं वाट पाहिली ते आपण दोघंही जाणतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण जो एकटा शाळू पेरतो त्याच्याच रानावर सगळा थवा उतरतो. भोरडी टोळ आणि नाकतोडे खाते हे खरं आहे. चीनमधल्या शिनच्यांगमध्ये टोळांच्या बंदोबस्तासाठी तिला घरटी करता यावीत म्हणून माणसं मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात. पण तिनं तिकडं टोळ खाल्ले म्हणून तुमचं पोतं भरत नाही. पक्षीप्रेमी मंडळी हा दाखला शेतकऱ्याला गप्प करायला वापरतात, ते मला पटत नाही.

आता पाण्याचं. इथं मात्र मी तुमच्याशी वाद घालणार आहे.

रोहितांपुरतं तुम्ही म्हणता ते बरंचसं बरोबर आहे. त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो. पाणी फार वाढलं तरी ते उठतात, पार आटलं तरी उठतात. पण पिवळा धोबी बघा. तो उसाच्या पाटावर, घासाच्या वाफ्यात, गुरांच्या पायाशी शेपटी हलवत किडे टिपत असतो. चैत्रात त्या पाटाला पाणी असतं, घास हिरवागार असतो, किडेही असतात. तरी एप्रिल सरता सरता धोबी दिसेनासा होतो. पाणी आटल्यामुळं जायचं असतं तर तो पाटावरून कशाला गेला असता? तलाव काठोकाठ भरलेली वर्षंही मी पाहिली आहेत. थापट्या बदकं त्या वर्षीही थांबली नाहीत.

त्यांना हलवतो तो दिवस. आपल्याकडं डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि जूनमध्ये १३ तासांच्या थोडा वर जातो. हा फरक आपल्याला जाणवतसुद्धा नाही, पण पाखराच्या अंगात तो मोजला जातो. लखनौच्या प्रयोगशाळेत काळ्या आणि लाल डोक्याच्या भारीटांवर यासाठी वर्षानुवर्षं प्रयोग झाले आहेत. हे तेच पिवळे भारीट, जे तुमच्या काढणी झालेल्या रानात सांडलेले दाणे टिपायला थव्यानं उतरतात. पिंजऱ्यात दिव्याच्या उजेडानं दिवस लांबवला की भारीट अधाशासारखे खायला लागतात, अंगावर चरबी चढते, वजन जवळजवळ दीडपट होतं. मग रात्र झाली की पिंजऱ्यात शांत बसत नाहीत, पंख फडफडत राहतात. पिंजऱ्यात दाणा भरपूर, पाणी भरपूर, ऊन नाही की वारा नाही, तरी त्यांना निघायचं असतं.

ही तगमग उघड्यावरही दिसते, आणि मला चैत्रातला तलाव आवडतो तो याचसाठी. हिवाळ्यात थापट्या दिवसभर चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत असतात. एकानं ढवळलेलं दुसऱ्याच्या चोचीत जातं, असा तो चाकासारखा फेरा चालतो. मार्चच्या मध्यापासून संध्याकाळी काहीतरी बदलतं. एखादी टोळी उठते, तलावावरून दोन-तीन घिरट्या घालते आणि पुन्हा उतरते. थोड्या वेळानं परत उठते. अंधार पडेपर्यंत मी भिंतीवर बसून राहते. मग दिसत काहीच नाही, नुसता पंखांचा आवाज डोक्यावरून जातो आणि या खेपेला पाण्यावर उतरल्याची चाहूल येत नाही. बदकं बहुतेक रात्रीच निघतात. भोरडी आणि माळभिंगरी दिवसाउजेडी जातात. माळभिंगऱ्या आधी विजेच्या तारांवर ओळीनं जमायला लागतात, ते तुम्ही पाहिलंच असेल.

पिवळ्या धोब्याची आणखी एक गंमत सांगते. हिवाळ्यात तो इतका मळकट असतो की त्याचा नेमका प्रकार ओळखताना अनुभवी माणसंही थबकतात. मार्च-एप्रिलमध्ये पिसं बदलतात आणि एकाचं डोकं राखाडी, दुसऱ्याचं काळंभोर, तिसऱ्याचं पिवळंधमक होतं. म्हणजे चार-पाच महिने आपल्या घासात वावरलेल्या पाखराची नीट ओळख पटते, तेव्हा ते जायच्या तयारीत असतं. भोरडीचा गुलाबी रंग मात्र नव्या पिसांनी येत नाही. पिसांच्या मळकट कडा झिजतात आणि खालचा रंग उघडा पडतो.

शाळेत आपण ‘येणं’ शिकलो, कारण येणं दिसतं. काल नव्हतं ते पाखरू आज दिसलं की ताबडतोब कळतं. जाणं असं दिसत नाही. यंदा मी शेवटचा थापट्या ६ एप्रिलला पाहिला, पण त्या दिवशी तो शेवटचा आहे हे मला कुठं ठाऊक होतं? ९ तारखेला गेले, नाही दिसला. १३ ला गेले, २० ला गेले, आणि तिन्ही वेळा वहीत शून्य लिहिलं, तेव्हा कुठं ६ तारीख ‘शेवटची’ झाली. ही शून्यं कोणी लिहीत नाही. पक्षी दिसला नाही तर घरी येऊन सांगण्यासारखं काही नसतं ना! म्हणून आपल्या भागात आल्याच्या तारखा ढीगभर सापडतात आणि गेल्याच्या अगदी थोड्या. युरोपातल्या पक्षीनिरीक्षकाला वसंतात पाखरू आल्याचा आनंद मिळतो. आपला वसंत निरोपाचा आहे आणि त्याची नोंद आपल्याशिवाय कोण करणार?

नुसत्या नोंदींनी काय होतं, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुष्कळ जण विचारतात. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथं अभ्यासकांनी शिकारी पक्षी चिकाटीनं मोजले. २०१८ साली तो अभ्यास छापून आला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते आणि त्यामुळं सरडे वाढले होते. त्या पठारावरून जाणाऱ्या कोणालाही हे नुसत्या डोळ्यांनी कळलं नसतं, मोजलं म्हणून कळलं.

राहिलं भोवत्यांचं माळरान. ते मी कॅमेरेवाल्यांनाही सांगितलेलं नाही, दादा. भोवत्या म्हणजे माळावरचा शिकारी पक्षी, झाडावर झोपत नाही. संध्याकाळी पाच-पन्नास भोवत्या एकाच माळावर गवतात जमिनीवर उतरतात आणि रात्र काढतात. दोन वर्षांपूर्वी अशा एका जागेचा पत्ता मोबाइलवरून फिरला आणि पुढच्याच शनिवारी तिथं गाड्या आल्या. दिवे लागले, माणसं गवतात शिरली. भोवत्यांनी तो माळ सोडला आणि त्या हिवाळ्यात परत तिथं उतरल्या नाहीत. तेव्हापासून मी तारीख लिहिते, संख्या लिहिते, तालुका लिहिते, पण माळाचं नाव लिहीत नाही. तिथं मेंढरं चारणाऱ्यांना ती जागा माझ्याआधीपासून माहीत आहे, आणि त्यांच्यामुळं भोवत्यांना कधी त्रास झाला नाही. तुम्हाला बघायची असेल तर पुढच्या डिसेंबरात कळवा, बरोबर जाऊ. चालत आणि बॅटरी न लावता.

आता माझं तुमच्याकडं एक काम आहे. मला तलावावर आठवड्यातून एखाद-दुसरी फेरी जमते, तुम्ही रानात रोज असता. शाळू काढल्यावर भोरड्या लगेच जात नाहीत. त्या पळस, पांगारा, सावरीच्या फुलांवर येतात, मग वडा-पिंपळाच्या फळांवर. संध्याकाळी बाभळीत नाहीतर उसात मुक्कामाला उतरतात आणि त्यांचा कलकलाट लांबून ऐकू येतो. तो कलकलाट तुमच्याकडं यंदा कधी थांबला? नक्की तारीख नसली तरी चालेल. पाडव्याच्या आधी की नंतर, गावच्या जत्रेला होत्या की नव्हत्या, एवढं आठवून सांगा. शिवारात शाळू करणारी घरं किती उरली आहेत आणि राखणीला किती दिवस बसावं लागलं, हेही लिहा. भोरडीवरचा पुढचा लेख मी त्याशिवाय लिहिणार नाही. तुमच्या गावाचं नाव घालायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.