अकरा पौंड ब्लूबेरी

आमच्या स्वयंपाकघरात ओव्हन आहे हे मला ठाऊक होतं, पण भांड्यांचं कपाट म्हणून. न्यू जर्सीतल्या या घरात राहायला आलो त्या आठवड्यात बायकोने त्याचं दार उघडलं, वाकून आत पाहिलं, "अगंबाई, बरीच जागा आहे की," म्हणाली आणि दोन कढया, बिडाचा तवा, इडलीपात्र, कुकरमधली जास्तीची भांडी असा सगळा संसार आत लावून टाकला. त्याला चौदा वर्षं झाली. इकडे ज्या ज्या मराठी घरात मी पाणी प्यायलोय, त्यातल्या बहुतेकांचा ओव्हन असाच भांड्यांनी गच्च भरलेला पाहिलाय. तेव्हा एवढी जुनी व्यवस्था मोडायची तर तसंच सबळ कारण हवं. माझ्याकडे अकरा पौंड कारणं होती.

दक्षिण जर्सीत हॅमन्टन नावाचं गाव आहे. ते स्वतःला जगाची ब्लूबेरी राजधानी म्हणवतं. जूनच्या शेवटच्या शनिवारी आम्ही त्या बाजूच्या एका शेतावर गेलो. गळ्यात बादली अडकवायची, आपल्या हाताने फळं तोडायची आणि जाताना वजन करून पैसे द्यायचे. तोडता तोडता चार तोंडात गेली तर कुणी काही बोलत नाही. माझं लहानपण सांगलीत गेलं, पण मे महिना मामाकडे कोकणात. करवंदांच्या जाळीत हात घालून रक्ताळलेला, चिकाने बोटं काळी करून घेतलेला माणूस मी. ब्लूबेरीला काटा नाही, चीक नाही, झुडूप थेट छातीच्या उंचीचं. उभ्या उभ्या, राजासारखं तोडायचं. त्यात डोक्यात दुकानातल्या डबीचा भाव. प्रत्येक मूठ बादलीत पडली की मला पैसे वाचल्याचा आवाज यायचा. मी फळं तोडतच नव्हतो, मी बचत करत होतो. लेकीने तेवढ्या वेळात सतरा फळं तोडली आणि एकोणीस खाल्ली.

येताना गाडीत तिला मी इतिहास ऐकवला, कारण पट्टा बांधलेला असल्याने तिला पळता येत नव्हतं. ही फळं पूर्वी इथल्या पाइन बॅरन्सच्या जंगलात रानटी उगवायची. व्हाइट्सबॉग इथल्या एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी १९११ साली सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांच्याबरोबर त्यांची लागवड करायचं मनावर घेतलं आणि १९१६ साली पहिलं पीक बाजारात आलं. मोठ्या फळांचं झुडूप शोधून देणाऱ्या गावकऱ्यांना त्या पैसे देत, आणि वर त्या झुडपाला त्याचं नाव. असंच एक उत्तम झुडूप सापडलं रूब लीक या गृहस्थांना. आता लीक ही तर कांद्याच्या गोतातली भाजी. फळाला कांद्याचं नाव कसं द्यायचं? म्हणून पहिलं नाव पूर्ण घेतलं, आडनावाचं एकच अक्षर घेतलं आणि जात झाली 'रूबेल'. आपला हापूस नाही का एका पोर्तुगीज साहेबाच्या नावाने खपतो, असं म्हणून मी मागे पाहिलं. लेक झोपली होती.

अकरा पौंड म्हणजे पाच किलो. शेतावर ते कळत नाही, फ्रिजचं दार लागेनासं झालं की कळतं. पहिल्या दिवशी शिकरणात घातली. दुसऱ्या दिवशी दह्यात. तिसऱ्या दिवशी बायकोने दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली. हिंग-मोहरीच्या फोडणीखाली ती फळं अशी गप्प बसली होती, की परक्या लग्नात चुकून पंगतीला बसलेली माणसंच. चौथ्या दिवशी फर्मान निघालं: "चार जुलैला गल्लीचं एकत्र जेवण आहे. मला चक्का बांधून ठेवायला फ्रिज रिकामा पाहिजे. तुम्ही आणलीत, तुम्हीच संपवा."

शेजारच्या आजीबाईंना मी कुंपणावरून एक मोठा डबा भरून देऊ केला. त्यांनी दोन मुठी घेतल्या (त्या हुशार आहेत) आणि म्हणाल्या, "कॉब्लर कर. इतकं सोपं असतं, की बिघडूच शकत नाही."

कॉब्लर म्हणजे चपला दुरुस्त करणारा, एवढंच आम्हाला शाळेत शिकवलेलं. आजीबाईंनी समजावलं. खाली साखर घातलेली फळं, वर पिठाचे ओबडधोबड गोळे. भाजल्यावर जुन्या रस्त्यातल्या गोट्यांसारखं दिसतं. मग त्याची सगळी भावंडंही सांगितली: क्रिस्प, बकल, स्लम्प, ग्रंट, पॅनडाउडी, ब्राउन बेटी. ही पदार्थांची नावं नसून पोलिसांना हवी असलेली टोळी असावी असं मला वाटलं. शेवटी त्यांनी त्यांच्या आईच्या हातचं, कडा तेलकट झालेलं कार्ड आणून दिलं.

मी आयुष्यभर माझ्या आईच्या पाककृतींवर वैतागलोय. "मीठ किती?" "लागेल तेवढं." "किती वेळ?" "दिसतं ते." तेव्हा कार्डावर मापं पाहून मला भरून आलं. चार कप फळं, एक कप पीठ, बटरची एक काडी. काडी म्हणजे ११३ ग्रॅम, वेष्टनावर चमच्यांच्या रेघासुद्धा मारलेल्या. तापमान ३७५ अंश. ते वाचून घाम फुटला, मग आठवलं की हे फॅरनहाइट, आपले १९०च. आणि सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: बरं दिसेस्तोवर भाजा.

ओव्हन रिकामा करायला पंचवीस मिनिटं लागली. ते काम मी उत्खननासारखं, थर सांभाळून केलं. वरच्या थरात रोजच्या कढया. मधल्या थरात ढोकळ्याच्या थाळ्या आणि एक झाकण, ज्याचं भांडं आम्ही भारतातून कधी आणलंच नाही. तळाशी, अगदी मागे, पुरणयंत्र. हे पुरणयंत्र माझ्या मेव्हणीने नेलं आणि परत केलं नाही, यावरून दोन्ही बहिणींत दीड वर्ष फक्त सणावारी बोलणं होतं. मी ते हातात धरून बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "तिला काही सांगायची गरज नाही." सगळी भांडी पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर नेऊन ठेवली.

आता कार्डावर लिहिलं होतं दीड चमचा बेकिंग पावडर. ती घरात नव्हती. खाण्याचा सोडा होता. दोन्ही पांढरे, दोन्ही फुगवतात, दोघांच्या नावात बेकिंग. मी दीड चमचा सोडा घातला. चमचा मोठा होता हे नंतर निष्पन्न झालं. फळंही चार कप घ्यायच्या ऐवजी सात घेतली, कारण मुळात मला फळं संपवायची होती, पदार्थ हे निमित्त होतं. काचेचं भांडं काठोकाठ भरलं. आत सरकवलं. दार लावलं आणि काचेतून पाहत बसलो. आमच्या लहानपणी आई गोल अ‍ॅल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये रव्याचा केक करायची, त्याच्या झाकणालाही अशीच एक काच होती आणि तिच्यातून काहीही दिसायचं नाही.

विसाव्या मिनिटाला रस उकळून भांड्याबाहेर आला आणि ओव्हनच्या तळावर टपटपू लागला. साखर जळायचा वास आला. मग धूर. मग अलार्म.

अलार्म आमच्याकडे नवा नाही. ठेच्याच्या मिरच्या भाजायच्या असल्या की आधी घरातला एक माणूस टॉवेल घेऊन त्याच्या खाली उभा राहतो, दुसरा मागचं दार उघडतो, तिसरा पंखा लावतो, आणि मगच मिरच्या तव्यावर पडतात. पण ती पूर्वसूचना देऊन केलेली कारवाई असते. इथे हल्ला बेसावध असताना झाला. लेक कानांवर हात ठेवून अंगणात पळाली. बायकोने हाताला लागलेला टॉवेल फिरवला, तो ओला निघाला आणि माझ्या चष्म्यावर बसला. आजीबाई कुंपणावरून ओरडल्या, "खाली ट्रे ठेवला होतास ना?" ट्रेचं कार्डावर नव्हतं. ते सगळ्यांना माहीतच असतं म्हणे.

अलार्म थांबला. भांडं बाहेर काढलं. फुगलं होतं, भाजलं होतं, आणि जिथे जिथे पिठाला रस लागला होता तिथे ते हिरवं झालं होतं. कोथिंबिरीसारखं प्रसन्न हिरवं नव्हे, पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीला येतं तसं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तसलाच हा प्रकार. ब्लूबेरीचा रंग आंबटात तांबूस राहतो आणि सोडा जास्त झाला की निळा-हिरवा पडतो. हे मला चव पाहिल्यावर कळलं असतं तर बरं, पण चवीत साबणच इतका होता की रसायनशास्त्र सुचायला वेळ लागला.

रात्री नऊला आईचा फोन आला. सांगलीत तेव्हा सकाळचे साडेसहा. व्हिडिओवर मी भांडं दाखवलं.

"शेवाळं आलंय काय रे त्याला?"

"सोडा जास्त झाला गं."

"किती घातलास?"

मी चमचा दाखवला. आई बराच वेळ काही बोलली नाही. फोन अडकला की काय म्हणून मी हलवून पाहिला.

"ढोकळ्याला चिमूटभर घालतात," ती शेवटी म्हणाली. "बरं, हे आहे काय?"

मी सांगितलं. खाली फळं, त्यांचा रस सुटतो, वर पिठाचे गोळे, ते त्या रसाच्या वाफेवर शिजतात.

"म्हणजे चकोल्या."

"नाही गं, हा अमेरिकन..."

"आमटी उकळायची, तीत पिठाचे तुकडे सोडायचे, झाकण ठेवायचं. तू आमटीच्या जागी फळं घेतलीस. चकोल्याच की या! त्याला भट्टी कशाला पेटवलीस?"

मागून बायकोचा आवाज आला. ती अमरावतीची. "वरणफळं म्हणतात त्याला."

"आमच्याकडं चकोल्या म्हणतात."

"पण आई, ह्यात खरी फळं आहेत. म्हणजे वरणफळंच जास्त बरोबर."

हा वाद आमच्या लग्नाच्या केळवणापासूनचा आहे आणि मी त्यात कधीही पडत नाही. मी पाहुण्यांच्या खोलीत जाऊन पलंगावरून मोठी कढई घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन चार जुलैच्या सकाळी, कढईत उरलेली सगळी फळं, साखर, पिळलेलं लिंबू आणि अर्धी वाटी पाणी घालून गॅसवर ठेवली. कणीक नाही, मैदाच घेतला. त्यात बटर चोळलं, ताक घातलं आणि सोडा आईच्या देखरेखीखाली, व्हिडिओवर चिमूट दाखवून मंजूर करून घेऊन टाकला. ताकाच्या आंबटाने त्याला काम मिळालं, त्यामुळे त्याने रंगात लुडबूड केली नाही. फळं रटरटायला लागल्यावर पिठाचे गोळे चमच्याने वर सोडले आणि झाकण ठेवलं.

"आता उघडायचं नाही," आई म्हणाली.

"किती वेळ?"

"दिसतं ते."

"झाकण न उघडता कसं दिसणार?"

त्यावर उत्तर आलं नाही.

तेवढ्यात आजीबाई आमचा धूर आज कसा नाही हे बघायला आल्या. कढईतून जाड बुडबुड्यांचा घुर्र घुर्र आवाज येत होता. त्या थबकल्या, झाकणाजवळ कान नेला आणि त्यांचा चेहरा एकदम दहा वर्षांच्या मुलीचा झाला. "ग्रंट!" त्यांची आजी मॅसॅच्युसेट्सची. ती ओव्हन न पेटवता चुलीवरच, झाकण ठेवून असंच करायची, आणि फळं अशी गुरगुरतात म्हणून त्याला ग्रंट म्हणायची. "काही लोक स्लम्प म्हणतात," त्या नाक मुरडून म्हणाल्या. "ते चूक आहेत." माझ्या बायकोला त्या क्षणी त्या फार जवळच्या वाटल्या.

गल्लीच्या जेवणात प्रत्येक पदार्थापुढे नावाची चिठ्ठी लावायची होती. लेकीने ग्रंट लिहिलं. बायकोने खाली कंसात वरणफळं लिहिलं. मी लक्ष नाही असं पाहून चकोल्या लिहून आलो. पलीकडच्या घरातले गुजराती काका डाव घेऊन आले, चाखलं, आणि मान डोलावून म्हणाले, "आ तो मीठी दाळढोकळी छे." कढई मात्र वीस मिनिटांत रिकामी झाली. श्रीखंड उरलं, पण हे मी घरी बोललो नाही. हिरवा कॉब्लर टाकवत नव्हता म्हणून पुढचे दोन दिवस मी नाश्त्याला खाल्ला. पुरणयंत्रासकट सगळी भांडी ओव्हनमध्ये परत गेली.

रात्री आईला सांगितलं की सगळं संपलं, लोकांनी मागून मागून खाल्लं.

"बघ. आणि वरून तूप सोडलंस ना भरपूर?"

"नाही गं. इकडे यावर व्हॅनिला आइस्क्रीम घालतात."

"चकोल्यांवर?"

"हो."

फोन ठेवल्याचा आवाज आला.