पोटाचे औषध जोडीला असले म्हणून दुखण्याची कॅप्सूल निर्धोक होत नाही

गुडघेदुखी किंवा संधिवात असलेल्या घरांमध्ये व्हॉट्सॲपवरून एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : दुखण्याची साधी गोळी पोट जाळते, पण आता गॅसचे औषध आतच घातलेली कॅप्सूल मिळते, ती उपाशीपोटी, दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षे घेतली तरी पोटाला, किडनीला किंवा हृदयाला काही होत नाही, पोट दुखत नसेल तर तपासण्यांची गरज नाही, गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून दुधात मिसळावी, आणि काही महिन्यांत सांधे पूर्ववत होतात. या मजकुरात एक गोष्ट खरी आहे आणि तिच्याच आधाराने बाकीच्या खोट्या गोष्टी खपून जातात, म्हणून आधी ती खरी गोष्ट सांगतो.

ज्या कॅप्सूलबद्दल हे लिहिले जाते तिच्या पाकिटावर बहुधा ‘ॲसिक्लोफेनॅक २०० मिग्रॅ एसआर’ आणि ‘रॅबेप्रॅझोल २० मिग्रॅ’ अशी दोन नावे छापलेली असतात. काही पाकिटांवर ॲसिक्लोफेनॅकच्या जागी डायक्लोफेनॅक १०० मिग्रॅ असते. यातले पहिले औषध सूज आणि वेदना कमी करते, दुसरे जठरातील आम्ल कमी करते. ॲस्पिरिनसारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन (सूज आणि वेदना घडवणारी रासायनिक द्रव्ये) तयार होऊ देत नाहीत आणि म्हणून वेदना शमते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि त्या संशोधनासाठी त्यांना १९८२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अडचण अशी आहे की जी प्रोस्टाग्लँडिने सांध्यात सूज आणतात, त्यांचीच भावंडे जठराच्या आतल्या आवरणावर श्लेष्म्याचा थर टिकवतात आणि तिथला रक्तपुरवठा राखतात. दुखण्याचे औषध दोन्हींवर घाव घालते. अशा वेळी आम्ल कमी केले तर उघड्या पडलेल्या आवरणाला इजा कमी होते आणि व्रण पडण्याचे प्रमाण निश्चित घटते. वय ६५ च्या पुढे असेल, पूर्वी अल्सर झाला असेल, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर दुखण्याच्या औषधाबरोबर पोटाचे औषध द्यावे असेच वैद्यकशास्त्र सांगते. दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये असली की गॅसची गोळी विसरण्याचा प्रश्नही उरत नाही. या जोडणीला म्हणूनच माझा विरोध नाही. विरोध आहे तो तिच्या नावावर दिल्या जाणाऱ्या अभयाला.

पहिला दावा पोटाला काहीच होत नाही हा आहे. २००२ मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अल्सरमधून रक्तस्राव होऊन बरे झालेल्या संधिवाताच्या रुग्णांपैकी एका गटाला त्यांनी डायक्लोफेनॅक आणि आम्ल कमी करणारे ओमेप्रॅझोल अशी जोडी दिली, तर दुसऱ्याला सेलेकॉक्सिब, म्हणजे ‘कॉक्सिब’ गटातले, जठराला कमी इजा करणारे दुखण्याचे औषध. सहा महिन्यांत जोडी घेणाऱ्या गटातल्या सुमारे ६.४ टक्के रुग्णांना पुन्हा रक्तस्राव झाला आणि दुसऱ्या गटातल्या ४.९ टक्के रुग्णांना. हे सर्वाधिक धोक्याचे रुग्ण होते, त्यामुळे हाच आकडा सर्वांना लावता येणार नाही. पण संरक्षण देऊनही शंभरात सहा जणांना पुन्हा रक्तस्राव होत असेल, तर ‘काहीच होत नाही’ हे शब्द वापरता येत नाहीत. ज्यांना पूर्वी अल्सर झाला आहे त्यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी आणि गरज पडल्यास उपचार करूनच असे औषध दीर्घकाळ सुरू करावे, कारण जंतू आणि औषध यांचा धोका एकमेकांत मिसळून वाढतो.

याहून कमी माहीत असलेली गोष्ट लहान आतड्याची आहे. आम्ल कमी करणारे औषध जठर आणि आतड्याचा अगदी सुरुवातीचा भाग सांभाळते. त्याच्या पुढे कित्येक फूट लांबीचे लहान आतडे असते आणि तिथली इजा मुळात जठरातल्या आम्लामुळे होतच नाही. पित्तरस, जीवाणू आणि प्रोस्टाग्लँडिनचा अभाव यांमुळे ती होते. तिथे रॅबेप्रॅझोलचा काही उपयोग नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४,४८४ रुग्णांच्या आणि सहा महिने चाललेल्या चाचणीत संपूर्ण पचनमार्गाचे नुकसान मोजले गेले, तेव्हा डायक्लोफेनॅक आणि ओमेप्रॅझोल घेणाऱ्यांत ते ३.८ टक्के आणि सेलेकॉक्सिब घेणाऱ्यांत ०.९ टक्के आढळले. या फरकातला मोठा वाटा हळूहळू घटलेल्या हिमोग्लोबिनचा होता. वर्षभर कॅप्सूल घेणाऱ्या आजींना जिना चढताना दम लागू लागला, चेहरा पांढुरका दिसू लागला, तर घरचे ते वयावर ढकलतात. तिथे हिमोग्लोबिनची साधी तपासणी करायला हवी.

पोट दुखत नाही म्हणजे पोट ठीक आहे, हा दावाही इथेच निकालात निघतो. वेदना दाबणारे औषध घेणाऱ्याला अल्सरची वेदना जाणवेलच याची खात्री नसते आणि अनेकांच्या बाबतीत रक्तस्राव हेच पहिले लक्षण ठरते. शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे झाले, किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसले, तर कॅप्सूल बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते हे खरे आहे, पण आपण होऊन तसा निष्कर्ष काढून घरी बसू नये.

उपाशीपोटी आणि दिवसातून दोनदा, या सल्ल्यात दोन वेगळ्या चुका आहेत. जेवणाने जठराला थेट होणारा त्रास थोडा कमी होतो, पण मुख्य इजा रक्तातून पोहोचलेल्या औषधामुळे होते. म्हणून इंजेक्शन घेतले तरी अल्सर होऊ शकतो. जेवणाआधी की नंतर हे ज्या ब्रँडची कॅप्सूल लिहून दिली आहे त्याप्रमाणे डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून ठरवावे. आम्ल कमी करणाऱ्या औषधाचा पूर्ण परिणाम यायला काही दिवस लागतात, त्यामुळे ‘दुखले की एक घेतली’ अशा वापरात पहिल्या दिवशीचे संरक्षण अपुरेच असते.

दोनदा घेण्याची चूक अधिक गंभीर आहे. पाकिटावरची ‘एसआर’ ही अक्षरे औषध दिवसभर हळूहळू सुटते असे सांगतात. ॲसिक्लोफेनॅकचा नेहमीचा डोस १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, म्हणजे एकूण २०० मिग्रॅ असतो. एसआर कॅप्सूलमध्ये हा सगळा दिवसाचा डोस एकदाच भरलेला असतो. सकाळी एक आणि रात्री एक घेणारा माणूस दुप्पट औषध घेत असतो. त्यात कंबरेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली गोळी, दातासाठी तिसऱ्यांनी दिलेली, आणि शेजाऱ्यांकडून आणलेली आयबुप्रोफेनची पट्टी यांची भर पडते. ब्रँडची नावे वेगळी असल्याने घरात कुणालाच कळत नाही की हा सगळा एकाच जातीचा माल आहे. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधांचे नाव मोठ्याने वाचून घ्यावे आणि ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब यांपैकी दोन नावे एकाच घरातल्या एकाच माणसाच्या डब्यात सापडली, तर डॉक्टरांना फोन करावा. ॲसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि रॅबेप्रॅझोल असे तिहेरी मिश्रण २०१८ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ३२८ मिश्रणांच्या यादीत होते. जुनी पट्टी दाखवून ‘हेच द्या’ म्हणण्याची सवय त्यासाठीही सोडायला हवी. पट्टीवरची लाल उभी रेघ ही चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नये याचीच खूण असते.

कॅप्सूल उघडून दुधात मिसळण्याबद्दल थोडक्यात सांगता येते. अशी कॅप्सूल उघडली की अनेकदा आत बारीक रंगीत दाणे दिसतात. रॅबेप्रॅझोल आम्लात नष्ट होते, म्हणून त्यावर आम्लात न विरघळणारे आवरण चढवलेले असते; दुखण्याच्या औषधाचे आवरण त्याला हळू सुटायला लावते. हे सगळे कुस्करले, चावले किंवा दुधात विरघळवले, तर पोटाचे औषध वाया जाते आणि दुखण्याचे औषध एकदम अंगात उतरते. गिळता येत नसेल तर वेगळ्या स्वरूपातले औषध मागावे.

हृदयाबद्दलचा दावा मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण पोटाच्या औषधाचा हृदयाशी काहीही संबंध नाही आणि तरीही ‘संरक्षण आहे’ हा शब्द तिथपर्यंत ताणला जातो. २००४ मध्ये रोफेकॉक्सिब हे कॉक्सिब गटातले दुखण्याचे औषध जगभरातून मागे घेतले गेले ते हृदयविकाराच्या झटक्यांमुळे. हा प्रश्न त्या एका औषधापुरता नव्हता हे पुढे स्पष्ट झाले. शेकडो चाचण्यांची माहिती एकत्र करणारे विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार मोठ्या डोसमध्ये डायक्लोफेनॅक किंवा कॉक्सिब घेणाऱ्या दर हजार लोकांमागे वर्षाला तीन जणांना हृदय किंवा रक्तवाहिन्यांची गंभीर घटना जास्तीची घडते आणि त्यांतली एक प्राणघातक असते. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकाने हृदयविकार, हृदयाची अकार्यक्षमता किंवा पक्षाघात झालेल्या रुग्णांना डायक्लोफेनॅक देऊ नये असा निर्णय दिला. ॲसिक्लोफेनॅक हे त्याच कुळातले औषध आहे आणि त्याचा काही भाग शरीरात डायक्लोफेनॅकमध्ये बदलतो. ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे त्यांनी ही कॅप्सूल स्वतःहून कधीच सुरू करू नये. त्यांच्यापैकी अनेकांना रक्ताची गुठळी होऊ न देणारे क्लोपिडोग्रेल चालू असते आणि जोडीतले पोटाचे औषध ओमेप्रॅझोल किंवा इसोमेप्रॅझोल असेल तर क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटतो. ॲस्पिरिनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो तो निराळाच.

किडनीचे काय? शरीरातले पाणी कमी होते किंवा रक्तदाब उतरतो, तेव्हा मूत्रपिंडात रक्त आणणारी सूक्ष्म वाहिनी उघडी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिनच करते. दुखण्याचे औषध नेमका हाच आधार काढून घेते आणि आम्ल कमी करून तो परत येत नाही. उलट, पोटाच्या या औषधांमुळेही क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. हाँगकाँगच्याच अभ्यासात जोडी घेणाऱ्यांपैकी ३०.८ टक्के रुग्णांत आणि सेलेकॉक्सिब घेणाऱ्यांपैकी २४.३ टक्के रुग्णांत मूत्रपिंडाशी संबंधित दुष्परिणाम नोंदले गेले, ज्यांत अंगावर सूज आणि रक्तदाब वाढणेही आले. आपल्याकडे रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी आणि सोबत लघवी वाढवणारे औषध घेणारे असंख्य लोक आहेत. या दोन औषधांत तिसरी ही कॅप्सूल आली की मूत्रपिंड अचानक निकामी होण्याचा धोका वाढतो. ‘भरपूर पाणी प्या म्हणजे झाले’ हा उपाय इथे पुरत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात दिवसभर उन्हात राबणारा शेतकरी, निर्जळी उपवास करणारी सासूबाई, किंवा आषाढीच्या वाटेवर गुडघे बोलू लागल्यावर पट्टीच्या पट्टी संपवणारा वारकरी, यांच्या अंगातले पाणी आधीच घटलेले असते. जुलाब, उलट्या, ताप असेल त्या दिवसांत ही कॅप्सूल थांबवावी. ज्यांना ती महिनोन्‌महिने लिहून दिलेली आहे त्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि यकृताच्या तपासण्या किती दिवसांनी करायच्या हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर अशी औषधे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करू शकतात, म्हणून ती डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

शेवटचा दावा सांधे पूर्ववत होण्याचा. ही कॅप्सूल वेदना आणि सूज उतरवते. झिजलेली कूर्चा ती भरून काढत नाही. गुडघ्याच्या झिजेत मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन कमी करणे यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे, आणि डायक्लोफेनॅकची जेल गुडघ्यावर चोळली तर रक्तात पोहोचणारे औषध गोळीच्या मानाने फारच थोडे असते, त्यामुळे वृद्धांमध्ये आधी तीच वापरून पाहणे योग्य ठरते. गोळी लागलीच, तर पुरेल तेवढ्या कमी डोसात आणि कमीत कमी दिवस घ्यावी.

आमवाताची गोष्ट वेगळी आणि अधिक निकडीची आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते आणि सांध्यांची हानी रोखणारी मेथोट्रेक्सेटसारखी औषधे, जी आठवड्यातून एकदाच घ्यायची असतात, लवकर सुरू झाली तर बोटे वाकडी होण्यापासून वाचवता येतात. कॅप्सूल घेऊन दुखणे दाबत काढलेल्या महिन्यांत ही हानी आतल्या आत चालूच राहते. सकाळी उठल्यावर बोटे अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आखडलेली राहत असतील आणि दोन्ही हातांच्या लहान सांध्यांवर सहा आठवड्यांहून अधिक काळ सूज असेल, तर कॅप्सूलने बरे वाटत असले तरी संधिवाततज्ज्ञांकडे जावे आणि आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्याव्यात.