जवान कमी आहेत म्हणे! मग पोरं माघारी का पाठवताय?

आज सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात डोकंच फिरलं. चहा ओठाला लागला नव्हता तोवर बाजूच्या टेबलावरचे एक काका मोबाईल पुढं करून म्हणतात, "डिफेन्सचे शेअर घेऊन ठेव लेका, सोनं झालंय सोनं." दोन घोट मारले आणि लगेच, "आजकालच्या पोरांत देशप्रेमच राहिलं नाही. फौजेत जायला कोणी तयार नाही."

कोणी तयार नाही? काका, एकदा पहाटे साडेचारला आमच्या गावात या. पाझर तलावाच्या पाळूवर वीस-पंचवीस पोरं धापा टाकत पळताना दिसतील. माझा धाकटा भाऊ तिथंच तयार झाला. कडुलिंबाला लोखंडी पाइप बांधून बीम मारायचा, म्हणजे लोंबकळून हातांच्या जोरावर अंग वर ओढायचं. तळहाताला असे घट्टे पडले होते, की भाकर मोडताना ते कडेला खरखरायचे. भरतीला सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, दहा बीम, नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी. आई रात्री हरभरे भिजवायची, सोयाबीनच्या पट्टीतून अकॅडमीची फी जायची. (अकॅडमीवाल्यांचं वेगळंच. भरती निघो न निघो, फी दर महिन्याला.)

मग कोरोना. दोन वर्षं भरतीच नाही. काही पोरांचं ग्राउंड झालेलं, मेडिकल झालेलं, फक्त लेखी बाकी. ती तारीख आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता जून 2022 उजाडला, चार वर्षांच्या फौजभरतीची अग्निपथ योजना आली आणि जुनी भरती सरळ रद्द! त्यातला एक आता ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. देशप्रेम विचारायचं असेल तर त्याला विचारा.

भाऊ पहिल्याच बॅचला लागला. पेढे वाटले आम्ही, खोटं कशाला बोलू. पहिल्या वर्षी पगार 30,000, त्यातले 9,000 निधीत कापून हातात 21,000. चार वर्षं भरली की व्याजासकट साधारण 11.71 लाख आणि रामराम. टीव्हीवर हा आकडा असा सांगतात जणू बक्षीस दिलंय. अरे, सरकारनं घातलं तेवढंच त्याच्या पगारातून कापलंय की! पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चौघांतला एक राहणार, तिघं घरी.

आणि दुसरीकडं रडगाणं काय, तर माणसं कमी आहेत. 2025 मध्ये संसदेच्या समितीपुढं आलेला लष्कराचा स्वतःचा हिशेब आहे हा. जेसीओ (जवानांतून वर चढलेले कनिष्ठ अधिकारी) आणि जवान धरून मंजूर जागा 11,97,520, भरलेल्या 11,05,110. म्हणजे 92 हजारांवर जागा रिकाम्या. अधिकारी तर दर सहा जागांमागं एक कमी. मग शिकवून तयार केलेली पोरं चौथ्या वर्षी घालवता कशाला? तर म्हणे पेन्शनचा बोजा. जवानाची पेन्शन बोजा आणि कंपनीची ऑर्डर मात्र गुंतवणूक, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? 2024-25 ला संरक्षण निर्यात 23,622 कोटींवर गेली म्हणून ढोल वाजले. वाजवा. तोफ लागते, विमान लागतं, मी कुठं नाही म्हणतो? 41 आयुध कारखान्यांच्या 2021 मध्ये सात कंपन्या केल्या, तेही एक वेळ चालवून घेऊ. पण सियाचीनला रात्री पहाऱ्यावर शेअर उभा राहत नाही ना हो काका!

भाऊ परवा सुट्टीवर आला. सोयरीक आली होती. पूर्वी 'पोरगा फौजेत' एवढं म्हटलं की झालं, पुढं कोणी काही विचारत नव्हतं. आता मुलीचा बाप पोह्याची बशी हातात धरूनच विचारतो, "पर्मनंट, का चार वर्षांवाला?" आमचे वडील वर पंख्याकडं बघायला लागले. भाऊच बोलला, "चार वर्षांवाला." पोहे अर्धे ठेवून पाहुणे उठले. जाता जाता त्यातले एक मामा सांगून गेले, एमआयडीसीत गेटवर वॉचमन लागतात, बारा तासांची ड्युटी, ठेकेदार ओळखीचा आहे. म्हणजे सीमेवरून थेट कंपनीच्या गेटवर!

दुसऱ्या दिवशी पहाटे कडी वाजली म्हणून मी जागा झालो. भाऊ ओसरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. म्हटलं, सुट्टीत तरी झोप की.

"पोलीस भरतीला पण सोळाशेच असतंय दादा," म्हणाला आणि पाळूकडं निघून गेला.