‘व्हॉट्सॲप पुरेसे आहे’ सांगणाऱ्या संदेशाचा समाचार

गोव्यात फोंड्यातील आमच्या मुक्त सॉफ्टवेअर (कोणालाही तपासता, बदलता व वाटता येणारे सॉफ्टवेअर) गटाने संपर्कासाठी कोणते साधन वापरावे याची चर्चा चालू असतानाच, सर्वत्र फिरणारा एक संदेश माझ्या भाचीने मला पाठवला आणि ‘मामा, मग आपला हा खटाटोप कशाला?’ असे विचारले. व्हॉट्सॲप कूटबद्ध असल्यामुळे पूर्ण खासगी आहे, टेलिग्राम त्याहून सुरक्षित आहे, मुक्त ॲप्स गुन्हेगारांची असून त्यांवर भारतात बंदी आहे, आणि लपवण्यासारखे काही नसेल त्याने चिंता करू नये, असे त्यात म्हटले आहे. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलीलाही हे पटावे, याचा मला राग आला.

पहिला दावा सर्वांत घातक, कारण तो अर्धा खरा आहे. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संवादांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (पाठवणारा व घेणारा सोडून कोणालाही मजकूर वाचता येऊ नये अशी कूटबद्धता) लागू केले आणि त्यासाठी सिग्नल या मुक्त संदेश-ॲपचाच प्रोटोकॉल (संवादाची ठरलेली पद्धत) घेतला, हे मान्य करावेच लागते. परंतु एन्क्रिप्शन झाकते तो मजकूर; कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलले, कोण कोणत्या गटात आहे, हे त्याने झाकले जात नाही, आणि ही माहिती कंपनी साठवते की नाही हाच खरा प्रश्न आहे. त्याच वर्षी अमेरिकेत व्हर्जिनियातील एका ग्रँड ज्युरीने (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) सिग्नलकडे वापरकर्त्याची माहिती मागितली, तेव्हा खाते कधी उघडले आणि सर्व्हरशी शेवटचा संपर्क कधी झाला एवढेच सिग्नल देऊ शकले. बाकी काही त्यांच्यापाशी नव्हतेच. व्हॉट्सॲपने मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरकर्त्यांचे फोन क्रमांक फेसबुकला देण्याचे धोरण जाहीर केले. शिवाय आमच्याकडे अकरावी-बारावीच्या मुलीही येतात. व्हॉट्सॲपच्या नेहमीच्या गटात घेतले की त्यांचा क्रमांक म्हापशापासून काणकोणापर्यंतच्या प्रत्येक अनोळखी सदस्यापुढे उघडा पडतो.

टेलिग्रामविषयी एवढेच, की तिथल्या गटांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन मिळतच नाही. ते ज्यात मिळते ते ‘सीक्रेट चॅट’ दोघांपुरतेच असते.

बंदीचे म्हणाल, तर मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ ॲप्स रोखली आणि त्यांत एलिमेंट व ब्रायर ही मुक्त ॲप्स होती, एवढे कबूल. सिग्नल त्यांत नव्हते. एलिमेंट ज्या मॅट्रिक्स प्रोटोकॉलवर चालते त्यावर इतरही ॲप्स आहेत, आणि फ्रान्सचे सरकारी कर्मचारी व जर्मन सैन्य त्यांतलीच वापरतात. ते सारे गुन्हेगार समजायचे काय?

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले आहे. लपवण्यासारखे काही नसावे असे सांगणाऱ्या त्या संदेशाच्या लेखकाने स्वतःचे नाव मात्र लपवले आहे.

गटाच्या चर्चेसाठी मॅट्रिक्स किंवा त्यासारखाच दुसरा मुक्त प्रोटोकॉल एक्सएमपीपी घ्यावा असे माझे मत आहे: फोन क्रमांकाविना खाते उघडता येते, आणि कोण कोणाशी बोलले याची नोंद सर्व्हरवर राहिली तरी तो सर्व्हर आपणच चालवू शकतो. जाहीर सूचनांना मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखे मुक्त समाजमाध्यम चालेल. तिथले ‘खासगी’ संदेश सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतात, म्हणून मुलांचे क्रमांक आणि पत्ते त्यावरून पाठवू नयेत.