इतिहास वाचायचाय? मग वरसईच्या गोडसे भटजींपासून सुरुवात करा

"इतिहासावरचं काहीतरी सोपं, खिळवून ठेवणारं सुचवा ना" असं कोणी विचारलं की प्रतिसादांत ठरलेली नावं पडतात : स्वामी, श्रीमान योगी, पानिपत. कादंबऱ्या म्हणून त्या वाचाव्यातच. पण इतिहासाची गोडी लावायची असेल तर पहिलं पुस्तक कादंबरी नसावं, असं माझं ठाम मत आहे. 'स्वामी'तले माधवराव-रमाबाईंचे संवाद लेखकाने रचलेले असतात, आणि ते एकदा मनात ठसले की खरं कुठलं नि रचलेलं कुठलं हे वेगळं काढणं फार जड जातं.

आणि दुसरं टोक म्हणजे जाडजूड खंड. सनावळ्या आणि तहांची कलमं वाचून नवखा वाचक पन्नासाव्या पानावर पुस्तक मिटतो. त्यात त्याचा काय दोष?

मी सगळ्यांना विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' वाचायला सांगते. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. डोक्यावर कर्ज. मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. साल १८५७! दक्षिणा राहिली बाजूला, गडी थेट बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरातच होता. गोऱ्या फौजा आत शिरल्यावर झालेली कत्तल, सोन्याचांदीपासून सुरू होऊन भांडीकुंडी, कपडे, धान्यापर्यंत पोचलेली लूट, जीव मुठीत धरून लपलेली माणसं, राणीच्या पुस्तकसंग्रहाची धूळधाण, हे सगळं त्याने पाहिलं आणि लिहिलं. पुढे काळपीच्या वाटेवर त्याला राणी भेटते ती तहानलेली, विहिरीपाशी. तो पाणी काढून द्यायला पुढे होतो, तर ती त्याला थांबवते आणि स्वतः पाणी काढून पिते. हा प्रसंग वाचताना मला दरवेळी भरून येतं. पुतळ्यातली राणी इतकी जवळची कधीच वाटत नाही.

भटजींनी हे बऱ्याच वर्षांनी आठवून लिहिलंय, त्यामुळे ऐकीव गोष्टीही त्यात आहेत. पण ते काय जेवले, कुठे झोपले, कशाला घाबरले, हे कुठल्याही खंडात मिळणार नाही.

पुस्तक घेताना एक बघा. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी ते छापलं, पण इंग्रजी अमदानीत मजकुरात बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये संहिता प्रसिद्ध केली. त्या मूळ संहितेवर आधारलेली आवृत्तीच मागा. भाषा पहिली काही पानं अडखळवते, मग कोकणातले एखादे आजोबा ओसरीवर बसून सांगताहेत असं वाटायला लागतं.

ते आवडलं तर पुढे सभासदाची बखर, म्हणजे शिवाजी महाराजांचं जुनं चरित्र, घ्या. लहानशी आहे. फारसी शब्द बरेच येतात, म्हणून मागे शब्दार्थ दिलेली प्रत बघा. शेजवलकरांचं पानिपत (हे कादंबरी नव्हे, इतिहासाचं पुस्तक) त्यानंतर.